फ्रायबर्गच्या चौकातलं टेबल

“एवढ्या लांब जाऊन एकच गाव?”

हे मला उद्देशून नव्हतं. मी साबुदाणा वड्यांच्या ट्रेपाशी कागदी प्लेट घेऊन उभी होते आणि बोलणाऱ्या काकू माझ्या मागे चटणी वाढून घेत होत्या. यजमानीण त्याच. सिंगापूरच्या बुकित तिमाह भागातल्या त्यांच्या कॉन्डोची खालची फंक्शन रूम त्यांनी त्या रविवारी दुपारी आमच्या मराठी ग्रुपसाठी घेतली होती.

“मुलीनं ठरवलं होतं म्हणे,” दुसरं कोणीतरी म्हणालं.

“हो, आणि तेसुद्धा फ्रायबर्ग! बर्लिन नाही, म्युनिक नाही. मी नकाशात शोधलं तेव्हा सापडलं. तेवढ्या दिवसांत आमच्या ह्यांनी तीन देश केले असते.”

दोघी हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. मी एक वडा उचलला, मग उगाच आणखी एक उचलला, आणि मागे न बघता आईशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. आईनं ऐकलं असावं, कारण तिनं माझ्या प्लेटमधला एक वडा काढून स्वतःच्या प्लेटमध्ये ठेवला. मी गप्प झाले की ती असं काहीतरी करते.

खाणं झालं की जूनच्या सहलीची नावं पक्की व्हायची होती. दर जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली की आमच्या ग्रुपमधली सात-आठ कुटुंबं युरोपात जातात आणि या घरचे काका सगळी आखणी करतात. ते बँकेत आहेत आणि सहलसुद्धा बँकेसारखीच चालवतात. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला त्यांनी लॅपटॉप जोडला होता, आणि पडद्यावर एक्सेल शीट दिसत होतं: अकरा दिवस, सहा देश. बघायच्या जागेला आमच्याकडे पॉइंट म्हणतात. तो शब्द महाबळेश्वरहून निघून सिंगापूरमार्गे युरोपात पोहोचला असणार. शीटमध्ये पॉइंटचा एक रकाना होता आणि कुटुंबांचा एक. आमच्या ओळीत काकांनी न विचारताच तीन लिहून ठेवलं होतं.

त्या तिनातली एक आई होती. तिनं या सहलीला जाऊ नये, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि मी कोणाला सांगायचं नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, फ्रायबर्गमध्ये.

फ्रायबर्गला मी पहिल्यांदा गेले ती कामासाठी. मी विद्यापीठातल्या एका लॅबमध्ये काम करते, आणि दोन दिवसांच्या एका कार्यशाळेसाठी मला तिकडे पाठवलं होतं. दुपारच्या सुट्टीत सगळे एकत्र जेवायला गेले. मी नेहमीप्रमाणे काहीतरी कारण सांगून एकटी बाहेर पडले आणि चालत चालत जुन्या गावात आले. तिथे रस्त्याच्या कडेनं, दगडात बांधलेल्या वीतभर रुंद पाटातून स्वच्छ पाणी वाहत होतं. एका रस्त्यावर नाही, जवळजवळ सगळ्याच रस्त्यांवर. दुकानांसमोरून, ट्रामच्या रुळांजवळून, लोकांच्या पायांशेजारून ते आपलं आपलं खळखळत चाललेलं. एक लहान मुलगी दोरी बांधलेली लाकडी होडी त्यातून ओढत नेत होती. तिचे वडील तिच्या गतीनं, म्हणजे जवळजवळ उभेच, चालत होते. त्या दुपारी मला वाटलं, इथे आईला आणलं पाहिजे. का वाटलं ते तेव्हा नीट कळलं नाही.

खरं तर त्याचं कारण त्याआधीच्या जूनमधलं होतं. ग्रुपची सहल, स्वित्झर्लंड. एका धबधब्यापाशी बस थांबली. वर जायला पायऱ्या होत्या. आई उतरायला उठली तेव्हा काका म्हणाले, “वहिनी, तुम्ही बसा हवं तर. बॅगांवर लक्ष राहील.” त्यांनी काळजीनंच म्हटलं होतं, कारण आदल्या दिवशी ती मागे पडली होती. आई बसली. पुढच्या पॉइंटला कोणी विचारलं नाही, तीच म्हणाली, “तुम्ही या जाऊन, मी आहे बॅगांपाशी.” त्यानंतर ते तिचं कामच झालं. लोक उतरताना तिच्याकडे जॅकेटं देऊन जायचे. परत आल्यावर बाबा तिला फोनवर फोटो दाखवायचे, आणि ती म्हणायची, “वा, काय सुंदर आहे!” सिंगापूरला परतल्यावर तिनं मैत्रिणींना धबधब्याचं वर्णन करून सांगितलं. मी तिथेच बसले होते. वर्णन अगदी बरोबर होतं, फोटोतल्यासारखं.

म्हणून त्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये, माझी रजा आणि बाबांची रजा जुळली तेव्हा, मी पहिल्यांदाच घरात काहीतरी ठरवलं. चार दिवस, एक गाव, एकच हॉटेल. बाबा पाया लेबारला एका ऑफिसात हिशेब बघतात. त्यांना रिकामा रकाना बघवत नाही. त्यांनी विमानातच माझ्याकडून फ्रायबर्गच्या पॉइंटची यादी मागितली. मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले: मोठं चर्च, त्याचा मनोरा, दोन जुन्या वेशी, मागची टेकडी, संग्रहालय. पाच ओळी झाल्यावर ते थांबले.

“आणि?”

“आणि पाणी,” मी म्हणाले.

“पाणी हा पॉइंट नाही,” बाबा म्हणाले, पण लिहिलं.

पाणी बघून आईनं पहिलं वाक्य काय म्हणावं? “अगं, इथे डास होत नाहीत?” सिंगापुरात, वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुंडीखालच्या बशीत चमचाभर पाणी राहिलं तरी ती ओतून टाकते. डेंग्यूची तपासणी करायला कधीही माणसं येतात आणि पाणी सापडलं तर दंड होतो. इथे अख्ख्या गावभर उघडं पाणी, आणि कोणाला पर्वा नाही! मी म्हटलं, वाहतं आहे गं, साचलेलं नाही. तिला पटलं, पण पहिला अर्धा दिवस ती पाटात वाकून वाकून बघत होती. हॉटेलातल्या मुलीनं आम्हाला सांगितलं होतं की चुकून ज्याचा पाय या पाटात पडतो त्याचं लग्न याच गावातल्या माणसाशी होतं. तेव्हापासून बाबा मला रस्त्याच्या आतल्या बाजूनं चालवायला लागले.

“इकडून चाल, इकडून.”

“पडू दे की पाय,” आई म्हणाली. “कुठेतरी पडू दे.”

मी तशीच आतल्या बाजूनं चालत राहिले. पण हसू आलं, आणि ते दोघांनी बघितलं.

गावाच्या मधोमध चर्चचा चौक आहे. चर्च लालसर दगडाचं आहे. वरचा मनोरा असा कोरला आहे की त्यातून पलीकडचं आकाश दिसतं. एवढा जड दगड, आणि वर जाता जाता त्याची जाळी होते. दुपारी ढग त्या जाळीतून सरकताना दिसतात. खाली चौकात रोज सकाळी बाजार भरतो, रविवार सोडून. सप्टेंबर असल्यामुळे जांभळ्या प्लमचे ढीग होते. भोपळे होते, अळंबी होती, मधाच्या बाटल्या होत्या, आणि सूर्यफुलांच्या बादल्या. एक म्हातारा लाकडी चमचे आणि उलथनी विकत होता. आईनं त्याच्याकडचं प्रत्येक उलथनं हातात घेऊन, हवेतच कढईत फिरवल्यासारखं करून बघितलं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट त्यानं टेबलाखालून आणखी दोन काढून दिली.

पहिल्याच सकाळी बाबा मनोऱ्यावर चढायला निघाले. आत गोल जिना आहे, दगडी, अरुंद.

“तुम्ही या जाऊन,” आई म्हणाली. “आम्ही जागा धरतो.”

चौकाच्या उत्तरेकडच्या बाजूला एका कॅफेची टेबलं बाहेर मांडली होती. आईनं एक रिकामं टेबल हेरलं, पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं, टेबलाच्या मधोमध ठेवलं, आणि निश्चिंतपणे माझ्याबरोबर फुलं बघायला निघाली. सिंगापूरच्या कुठल्याही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमधल्या टेबलावर, असं पाकीट ठेवलं की टेबल तुमचं. तुम्ही रांगेत वीस मिनिटं उभे राहा, कोणी हात लावणार नाही. मीसुद्धा रोज दुपारी हेच करते. त्यामुळे आपण काही वेगळं करतो आहोत हे माझ्याही लक्षात आलं नाही.

आम्ही परत आलो तर टेबलाशी एक म्हातारं जोडपं बसलेलं. आम्ही जवळ गेलो तसे आजोबा उठले आणि त्यांनी ते पाकीट दोन्ही हातांनी आईला दिलं, हरवलेली वस्तू सापडल्यासारखं.

“अगं, आपण ठेवलं होतं ना?” आई माझ्या कानात म्हणाली. तिचा चेहरा खरंच गोंधळला होता. “बघून पण बसले?”

“आई, त्यांना वाटलं आपण विसरलो.”

“विसरू कशी? मधोमध ठेवलं होतं!”

मला हसावं की माफी मागावी कळेना. पण आजोबांनी समोरच्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला. त्यांच्याकडे अनोळखी माणसांनी एका टेबलाशी बसणं अगदी साधी गोष्ट आहे, हे मला कार्यशाळेच्या वेळी कळलं होतं. अनोळखी माणसांशेजारी बसायला मला आवडत नाही. पण आई बसलीसुद्धा. बसताना तिनं टेबलाची कड धरली आणि एक पाय सरळ पुढे ठेवला.

ते आजींनी बघितलं. मी घरात रोज बघत होते, आणि तरी त्यांनी बघितलं तसं बघितलं नव्हतं. आजींची काठी टेबलाला अडकवलेली होती. त्यांनी आईच्या गुडघ्याकडे बोट केलं, भुवया वर केल्या, मग स्वतःचा स्कर्ट चार बोटं वर सरकवून गुडघ्यावरची ऑपरेशनची उभी, लांबलचक शिवण दाखवली. नवीन दागिना दाखवावा तशी. आईनं “अगं बाई!” म्हटलं, मराठीतच. आजींना ते कळलं असावं, कारण त्या मान हलवत काहीतरी जर्मनमध्ये बोलल्या. मग त्यांनी दोन बोटांनी टेबलावर पायऱ्या चढून दाखवल्या, एक, दोन, तीन, आणि हात हलवूनच सांगितलं की एवढं काही नाही. मग त्याच बोटांनी पायऱ्या उतरून दाखवल्या आणि डोळे घट्ट मिटले.

आई एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनंही आपली दोन बोटं टेबलावर ठेवली. चढणं, ठीक. उतरणं, आई गं. दोघी कितीतरी वेळ बोटांनी टेबलावर चढत-उतरत होत्या. आजोबांनी प्लमचा केक मागवला आणि चार काटे मागितले.

वुडलँड्सच्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनवर ती नेहमी लिफ्टनं उतरते. मी समजत होते, पिशव्यांमुळे. घरी येताना पादचारी पूल टाळून ती लांबच्या सिग्नलनं येते. मी समजत होते, तिला सावलीतून चालायला आवडतं म्हणून. लॅबमध्ये मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजते, आणि एकही सुटू देत नाही.

आजी-आजोबा गेल्यावर मी विचारलं, “किती दिवस?”

“दोन वर्षं होतील.”

“बाबांना?”

“नाही. आणि तू सांगणार नाहीस.” ती केकचे उरलेले कण बोटानं गोळा करत होती. “तुझ्या बाबांनी आयुष्यभर ऑफिस केलं. आता कुठे त्यांना फिरायचा नाद लागलाय. माझं कळलं तर ते जायचेच बंद होतील. मग घरात बसून माझ्याकडे बघत राहतील. त्यापेक्षा बॅगा बऱ्या.”

“डॉक्टर?”

“दाखवलंय मी. गोळ्या आहेत, व्यायाम आहे. एवढं तोंड करू नकोस. सांगणार नाहीस ना?”

मी नाही म्हटलं. मला गोष्टी पोटात ठेवायला जमतं. एवढं एकच मला फार चांगलं जमतं.

तेवढ्यात बाबा मनोऱ्यावरून उतरून आले, घामाघूम आणि आनंदी. वरून सगळं गाव लाल कौलांचं दिसतं, आणि मागे गडद हिरवे डोंगर, असं त्यांनी सांगितलं. आईनं फोटो बघितले. या वेळी तिच्याकडेही सांगायला काहीतरी होतं, टिश्यूच्या पाकिटाचं. बाबा खुर्चीत मागे रेलून हसले. “म्हणजे तू आंतरराष्ट्रीय सीट धरलीस!”

पुढचे तीन दिवस असेच गेले. सकाळी नाश्ता झाला की बाबा एकेका पॉइंटला निघायचे. दोन्ही वेशी बघून आले, केबलच्या छोट्या डब्यातून टेकडीवर गेले, चर्चच्या भिंतीवर एक दगडी पुतळा गावाकडे पार्श्वभाग करून पाणी टाकतो तो शोधून त्याचे सात फोटो काढून आले. आम्ही दोघी हळूहळू चौकात यायचो. दुकानांच्या दारासमोर नदीतल्या गोट्यांची चित्रं जमिनीत बसवलेली आहेत. पूर्वी त्या दुकानात काय विकलं जायचं ते त्यांवरून कळतं. आई प्रत्येक चित्रापाशी थांबायची. आधी मला वाटायचं, दुखतंय म्हणून थांबते. मग कळलं, तिला खरंच बघायचं असतं. बसमधून कोणी तिला एवढा वेळ दिलाच नव्हता.

मग टेबल. पाकीट न ठेवता. कॉफी, आणि प्लमचा केक, ज्यावर माशा बसल्या तरी ती काही म्हणायची नाही. दीड वाजता बाजार उठायचा. लोक शांतपणे छत्र्या मिटायचे, पाण्यानं फरशी धुवायचे, आणि अर्ध्या तासात चौक कोरा. चर्चच्या घंटा वाजायच्या तेव्हा खुर्चीतून त्यांचा कंप जाणवायचा. आईनं त्या चार दिवसांत इतकं बघितलं. कुठला भाजीवाला कोणावर रुसला आहे, कुठल्या बाई रोज एकच फूल घेतात, पावसाची सर आली की चौकातले लोक कुठल्या क्रमानं आडोशाला जातात. संध्याकाळी ती बाबांना हे सांगायची आणि बाबा त्यांचे फोटो दाखवायचे. कोणाचंच कमी पडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा यादीतलं संग्रहालय सोडून आमच्यात येऊन बसले आणि ऊन अंगावर घेत चक्क झोपले. आईनं त्यांच्या डोक्यावर तिची टोपी ठेवली. आपलं माणूस काहीही न बघता एवढं सुखात असू शकतं, हे बहुतेक तिनंही पहिल्यांदाच बघितलं.

निघायच्या दिवशी तिनं चौकाकडे वळून बघितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “बघायचं म्हणजे संपल्यासारखं होतं.”

त्यानंतर आली ही फंक्शन रूममधली दुपार.

“हं, चला,” काका म्हणाले. टीव्हीच्या पडद्यावर कर्सर एकेका ओळीवर थांबत खाली येत होता. “यांचे चार, पक्के. यांचे दोन. तुझ्या मुलाची परीक्षा आहे का रे तेव्हा?”

“No lah, uncle, finished already,” मागून त्या मुलाचंच उत्तर आलं आणि सगळे हसले.

“आणि हे आमचे वुडलँड्सवाले तिघं.” काका आईकडे वळले. “वहिनी, यंदा चालणं जरा जास्त आहे हं. आधीच सांगतो. पण बस आहेच. तुम्ही असलात की बॅगांची काळजी मिटते.”

“येणार की,” आई हसून म्हणाली. “मला काय होतंय!”

बाबा पडद्याकडे बघत होते. त्यांना तिसऱ्या दिवसाचा किल्ला बघायचा होता. आदल्या आठवडाभर ते त्याबद्दल वाचत होते. आईचा उजवा हात टेबलाखाली होता. तो कुठे आहे हे मला बघायची गरज नव्हती.

मी कबूल केलं होतं. गुडघ्याबद्दल मी बोलणार नव्हते. पण गुडघ्याशिवाय काय बोलायचं? तिला ज्या गोष्टीची लाज वाटते ती बाजूला ठेवली तर काय उरतं, याचा मी विचार करत होते, आणि कर्सर आमच्या ओळीवर उभा होता. उरत होतं ते माझं. मला काय हवं ते. ते मी अशा खोलीत कधी बोलले नव्हते.

“काका,” मी म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. मी परत म्हणाले.

“काय गं बाळा?”

सगळे वळले. मी प्लेट बाजूला ठेवली. “आमच्यातलं फक्त बाबांचं नाव लिहा. बाबांना तो किल्ला बघायचाय. जूनमध्ये मला आईला घेऊन परत फ्रायबर्गला जायचंय.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती प्लेटमधला वडा बारीक करत होती. पण तिचा हात टेबलावर आला होता.

“अगं पण,” चटणीचं भांडं उचलता उचलता काकू म्हणाल्या, “ते तर बघून झालं ना तुमचं?”

“नाही झालं, काकू,” मी म्हणाले. “आम्ही अजून चौकाची एकच बाजू बघितलीय.”